नवीन कोड मागण्याआधी: आयसिक आणि सीपीसीच्या रिव्हिजनमध्ये पहिल्यांदा पडणाऱ्यांसाठी

तुम्हाला कुणीतरी "वर्गीकरणाच्या रिव्हिजनमध्ये जरा लक्ष घाला" असं सांगितलंय आणि तुम्ही पहिल्याच दिवशी एक्सेल उघडून हा कोड हवा, तो कोड हवा अशी यादी करायला बसलायत, असं असेल तर जरा थांबा. (आयसिक आणि सीपीसी ही संयुक्त राष्ट्रांची वर्गीकरणं, देशोदेशीची सांख्यिकी कार्यालयं त्यांतले कोड वापरून आर्थिक कामं आणि उत्पादनं मोजतात.) मीही हेच केलं होतं. माझ्या पहिल्या यादीत एकतीस नवीन कोड होते, आणि टीममधल्या एका सीनियर मॅडमनी ती यादी वरपासून खालपर्यंत वाचून एकच प्रश्न विचारला, हे एकतीस जण आत्ता कुठे बसलेत आणि ते उठले की तिथे मागे काय उरतं? एकाचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. नवीन नाव सुचवायला अक्कल लागत नाही हो, जुन्या खणातून नेमकं काय काढायचं आणि उरलेलं धड राहतं का हे सांगायला लागते. खाली जे लिहिलंय ते सगळं त्या एका प्रश्नाभोवती फिरतं.

पायरी १: आपण कशात हात घालतोय ते आधी बघा

आयसिक (ISIC) म्हणजे आर्थिक कामांचं वर्गीकरण, एखादं युनिट, म्हणजे कारखाना, दुकान, कंपनी असं काहीही, काय काम करतं ते. सीपीसी (CPC) म्हणजे उत्पादनांचं, त्यात वस्तूही आल्या आणि सेवाही. एचएस (हार्मोनाइज्ड सिस्टिम) हे जागतिक सीमाशुल्क संघटनेचं, कस्टम्ससाठीचं, फक्त वस्तूंचं. आणि इस्को (ISCO) हे माणसाच्या पेशाचं, ते आंतरराष्ट्रीय श्रम संघटना सांभाळते. नवीन माणसाचा सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो पहिल्या आणि शेवटच्यात. हॉस्पिटलच्या पगारावरचा ड्रायव्हर आयसिकमध्ये आरोग्यसेवेत मोजला जातो, इस्कोत तो ड्रायव्हर. "ड्रायव्हिंगला वेगळा कोड द्या" असा प्रस्ताव आला की आधी विचारायचं, कुठल्या पुस्तकात?

थोडा इतिहास डोक्यात असलेला बरा, कारण मीटिंगमध्ये लोक सारखे "रेव्ह तीनला काय होतं" असं बोलतात (रेव्ह म्हणजे रिव्हिजन, तिसरी १९८९ ची). आयसिक पहिल्यांदा आलं १९४८ साली, मग १९५८, १९६८, १९८९ अशा रिव्हिजन झाल्या, २००२ मध्ये ३.१ नावाची डागडुजी झाली, २००६ मध्ये रेव्ह ४ मंजूर झालं (छापील पुस्तक २००८ चं आहे, त्यामुळे दोन्ही सालं ऐकू येतात, गोंधळू नका) आणि मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने रेव्ह ५ ला मान्यता दिली. सीपीसी त्यामानाने तरुण, १९८९ ची प्रोव्हिजनल आवृत्ती, पुढे १.०, १.१, २.०, २.१ आणि मग २०२४ मध्ये मान्य झालेली ३.०. एचएस मात्र घड्याळ लावल्यासारखं चालतं, १९८८ ला सुरू झालं आणि १९९२, १९९६, २००२, २००७, २०१२, २०१७, २०२२ अशा आवृत्त्या, पुढची मात्र २०२८ ला आहे.

प्रोव्हिजनल सीपीसीला मोडीत काढलेलं समजू नका. जागतिक व्यापार संघटनेच्या सेवाव्यापाराच्या वाटाघाटींत १९९१ ची सेवाक्षेत्रांची जी यादी वापरली ती त्या प्रोव्हिजनलवर बेतलेली आहे, आणि देशांनी दिलेली वचनं त्या कोडांना धरून आहेत. सांख्यिकीवाले पाच आवृत्त्या पुढे गेले तरी करारातला कोड जागचा हलत नाही. वर्गीकरण एकदा कायद्यात किंवा करारात शिरलं की ते फक्त आपलं राहत नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळलेलं बरं.

पायरी २: कोडांची यादी बाजूला ठेवा, प्रस्तावना वाचा

कुणी वाचत नाही. वाचा. रचना सोपी आहे: इंग्रजी अक्षराचं सेक्शन, मग दोन अंकी डिव्हिजन, तीन अंकी ग्रुप, चार अंकी क्लास. सेक्शनचं अक्षर कोडचा भाग नसतं, ३१०० असं लिहिलं की ते फर्निचर बनवणं, पुढे सी लावायची गरज नाही. शेवटी ० म्हणजे पुढे फोड केलेली नाही, ९ म्हणजे सहसा "इतर". रेव्ह ४ मध्ये २१ सेक्शन, ८८ डिव्हिजन, २३८ ग्रुप आणि ४१९ क्लास होते, रेव्ह ५ मध्ये २२, ८७, २५८ आणि ४६३ झालेत.

क्लास कसा ठरतो ते मात्र नीट समजून घ्या. तीन गोष्टी बघतात, कच्चा माल किंवा इनपुट काय, काम करायची पद्धत काय, आणि जे बाहेर पडतं ते काय नि कशासाठी वापरतात. मालक सरकार आहे की खासगी, कंपनी आहे की एकटा माणूस, यंत्रावर चालतं की हाताने, फॅक्टरीत की घरात, रीतसर नोंद आहे की नाही, याने आयसिकचा कोड बदलत नाही. म्हणजे "घरगुती उद्योगांसाठी वेगळा क्लास" असला प्रस्ताव पहिल्याच वाचनात उडतो. त्या माहितीची गरज खरी असते, पण त्यासाठी रजिस्टरमध्ये (युनिट्सची जी नोंदवही सांख्यिकी कार्यालय ठेवतं तिच्यात) वेगळा कॉलम ठेवायचा, त्याचं ओझं कोडवर नको.

आणि एक युनिट पाच कामं करत असेल तर? मुख्य काम मूल्यवर्धनावरून (उत्पादनाच्या किमतीतून बाहेरून घेतलेल्या माल-सेवांचा खर्च वजा जाता उरतं ते) ठरतं आणि ते वरून खाली, म्हणजे आधी सेक्शन मग डिव्हिजन असं, ठरवतात. इथे चुकणारे अनुभवी लोकही मी पाहिलेत, म्हणून एक काल्पनिक उदाहरण देतो. एका युनिटचं मूल्यवर्धन असं आहे: घरगुती सामानाचा घाऊक व्यापार ३५ टक्के, दारं-खिडक्यांचं सुतारकाम २५ टक्के, फर्निचर बनवणं २० टक्के, डिझाइनचं काम २० टक्के. पटकन बघितलं तर घाऊक व्यापार जिंकला असं वाटतं ना? पण आधी सेक्शन बघायचं. सुतारकाम आणि फर्निचर दोन्ही उत्पादन सेक्शनमध्ये, मिळून ४५ टक्के, म्हणजे युनिट उत्पादनात गेलं. मग त्याच्या आत डिव्हिजन १६ ला (सुतारकाम) २५ आणि ३१ ला (फर्निचर) २०, म्हणून १६, आणि शेवटी क्लास १६२२. ज्याचा वाटा सगळ्यात मोठा होता तो घाऊक व्यापार चित्रातच नाही. आता हे रिव्हिजनच्या नजरेने बघा: वरच्या पातळीवर एखादी सीमा सरकवली तर खाली कुणीही काम बदललेलं नसताना युनिट्स इकडून तिकडे उडी मारतात. म्हणून सेक्शनला हात लावायला सगळे घाबरतात, आणि घाबरायलाच हवं.

पायरी ३: अडचणींची यादी करा, उपायांची नाही

अडचणी कुठे सापडतात? सगळ्यात चांगली जागा म्हणजे जे लोक रोज बसून कोडिंग करतात, म्हणजे एकेका युनिटला वर्गीकरणाचा कोड लावतात, त्यांचे प्रश्न. एकच प्रश्न दहा जण विचारत असतील तर तिथे सीमा धूसर आहे. दुसरी जागा म्हणजे "इतर" वाले ९ चे क्लास, तिथे फार गर्दी झाली असेल तर आत काहीतरी वेगळं वाढतंय. तिसरी उलटी, जिथे वर्षानुवर्षं जवळजवळ कुणीच नाही असे क्लास, ते मिटवायचे उमेदवार. मिटवायच्या यादीला कुणी हौसेने हात लावत नाही, नवीन मागायलाच सगळे पुढे. तुम्ही मिटवायची यादी घेऊन गेलात तर लोक तुमचं नाव लक्षात ठेवतील.

अडचण लिहिताना उपाय त्यात घुसडू नका. "ऑनलाइन दुकानांना कोड द्या" हा उपाय झाला. अडचण अशी लिहायची: दुकानातून विकणारा आणि नेटवरून विकणारा असे दोन वेगळे क्लास आहेत, पण आता तोच माणूस दोन्हीकडून विकतो, त्यामुळे कोडर दरवर्षी वेगळं उत्तर देतात. असं लिहिलं की वेगळाच उपाय दिसतो, आणि रेव्ह ५ मध्ये नेमकं तसंच झालं. रेव्ह ४ ला मेल ऑर्डर आणि इंटरनेटवरच्या विक्रीसाठी ४७९१ हा स्वतंत्र क्लास होता. रेव्ह ५ ने ऑनलाइनला आणखी कोड दिले नाहीत, विक्रीचा मार्ग हा निकषच काढून टाकला, आता किरकोळ व्यापार काय विकता यावर ठरतो, दुकानातून, स्टॉलवरून की नेटवरून यावर नाही. नव्या गोष्टीमुळे कोड वाढायच्या ऐवजी एक भिंत पडली. मला ही अख्ख्या रिव्हिजनमधली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते.

पायरी ४: प्रस्ताव लिहा आणि स्वतःच फाडून बघा

प्रस्ताव दोन पानांपेक्षा मोठा नको, पण त्यात पुढच्या प्रश्नांची उत्तरं हवीत, नाहीतर तो परत येणारच.

पहिला, आत्ता ही युनिट्स कुठे आहेत? सगळे जुने कोड लिहा, "मुख्यतः अमुक" असं नको, एक-दोन टक्के जिथे विखुरलेत तेही. दुसरा, त्यांना काढल्यावर तो जुना क्लास शिल्लक राहण्याइतका मोठा आणि एकजिनसी आहे का? तिसरा, नवीन क्लास दोन्ही बाजूंनी टिकतो का, म्हणजे त्यात आलेल्या युनिट्सच्या उत्पादनाचा मोठा भाग त्याच वस्तू-सेवांचा आहे का, आणि त्या वस्तू-सेवांचा मोठा भाग याच युनिट्समधून येतो का? ही दुहेरी कसोटी फार उपयोगी आहे. एखादी सेवा शंभर प्रकारच्या युनिट्स जाता जाता करत असतील तर ती उत्पादन म्हणून सीपीसीत शोभते, आयसिकमध्ये तिचा क्लास केलात तर तो अर्धा रिकामा राहणार.

चौथा प्रश्न, ज्याला उत्तर द्यायचंय त्या माणसाला फरक कळेल का? प्रश्नावलीत एका ओळीत विचारता येत नसेल तर तो क्लास कागदावरच छान. पाचवा, हे किती देशांत आढळतं? एकाच देशात मोठं असेल तर तो देश स्वतःच्या वर्गीकरणात पाचवा अंक लावू शकतो, आणि काही प्रदेशांची आपापली वर्गीकरणंही आहेत, युरोपचं नेस (NACE) आणि उत्तर अमेरिकेतल्या तीन देशांचं नेक्स (NAICS). नेस हे आयसिकमधून थेट निघालेलं आहे, नेक्सची मांडणी स्वतंत्र आहे पण आयसिकशी जुळवून घेते, हा फरक लक्षात ठेवा, कारण त्यांचे आक्षेपही त्यानुसार वेगळे येतात.

हे कसं चालतं त्याची दोन खरी उदाहरणं. वीजनिर्मितीत रेव्ह ५ ने दोन क्लास केले, अपुनर्नवीकरणीय स्रोतांपासून आणि पुनर्नवीकरणीय स्रोतांपासून. लोकांना सौर वेगळं, पवन वेगळं, जल वेगळं असं हवं असतं, पण सगळ्या जगात टिकेल अशी एकच रेघ ओढायची तर ती इथे ओढली, पुढची फोड ज्याची त्याने करावी.

दुसरं, प्लॅटफॉर्म. गाडी पुरवणारं ॲप हे वाहतूक की सॉफ्टवेअर की एजन्सी, यावर तासन्तास वाद चालतात. रेव्ह ५ ने मध्यस्थी हा धागा पकडला: जो स्वतः सेवा देत नाही, खरेदीदार-विक्रेत्याची गाठ घालून देतो आणि त्याचे पैसे घेतो, त्याला ज्या क्षेत्रात मध्यस्थी आहे त्या क्षेत्राजवळच जागा दिली, किरकोळ व्यापाराची मध्यस्थी तिकडे, वाहतुकीची तिकडे, निवासाची तिकडे. इथे "ॲप आहे की नाही" हा मुद्दाच नाही, मध्यस्थ फोनवरून काम करत असेल तरी तो मध्यस्थच. तंत्रज्ञान बघून क्लास मागायचा मोह झाला की हे आठवा.

आणि एक असं दुखणं ज्यावर सगळ्यात जास्त वाद होतात: स्वतः काहीच न बनवणारा उत्पादक. डिझाइन याचं, ब्रँड याचा, बनवून घेतो पूर्णपणे दुसऱ्याकडून. रेव्ह ४ चा नियम होता की कच्चा माल याच्या मालकीचा असेल तरच तो उत्पादनात, नाहीतर व्यापारात. ऐकायला स्वच्छ, पण प्रश्नावलीत कच्च्या मालाची मालकी कोण धड सांगतं? एका देशाचा आख्खा उत्पादनाचा आकडा या एका वाक्यावर हलू शकतो, म्हणून असल्या मुद्द्यावर प्रस्ताव देताना आपल्या डेटावर खरंच चालवून बघा, नुसतं तत्त्वज्ञान नको.

पायरी ५: उत्पादनाची बाजू विसरू नका

आयसिकमध्ये काही हललं की सीपीसी हलणार हे गृहीत धरा, पण ते एकमेकांची कॉपी नाहीत. सीपीसी पाच अंकी आहे, ० ते ४ सेक्शन ढोबळमानाने वस्तू, ५ बांधकाम, ६ ते ९ सेवा. वस्तूंचे उपवर्ग एचएसच्या सहा अंकी कोडांचे गठ्ठे बांधून बनतात, म्हणून एचएसमध्ये नसलेली रेघ सीपीसीत ओढली की व्यापाराचा डेटा तिथे बसत नाही. नेहमीचं उदाहरण कत्तलखान्याचं: मांस आणि कच्ची कातडी दोन्ही एकाच ठिकाणाहून निघतात, आयसिकला एकच क्लास, पण सीपीसीत मांस सेक्शन २ मध्ये खाद्यपदार्थांबरोबर आणि कातडी सेक्शन ० मध्ये शेती-पशूंच्या मालाबरोबर, कारण सीपीसी वस्तूचा स्वभाव बघतं, ती कुणी बनवली ते नंतर. सेवांना मात्र एचएससारखा आधार नाही, तिथे रेघा आपल्यालाच माराव्या लागतात आणि म्हणून वादही तिथेच जास्त.

पायरी ६: टीपा लिहिणं

नावं सगळे वाचतात, काम करतात त्या टीपा. तीन भाग असतात, "यात येतं", "यात हेही येतं" आणि "यात येत नाही". मधला भाग म्हणजे सीमेवरच्या अशा गोष्टी ज्या नावावरून कळल्या नसत्या, तिथे उगाच सगळं कोंबू नका. आणि "येत नाही" च्या प्रत्येक ओळीपुढे ते कुठे जातं तो कोड हवा, आणि त्या दुसऱ्या क्लासच्या "येतं" मध्ये ते खरंच असायला हवं. एकदा आमच्या मसुद्यात अ म्हणत होता ब कडे जा, ब म्हणत होता अ कडे जा, तीन वाचनांतून निसटलं ते आणि सापडवलं एका नवख्या इंटर्नने, कारण तो एकटाच दोन्ही ओळी जोडून वाचत होता. तेव्हा "येत नाही" ची सगळी वाक्यं वेगळ्या शीटमध्ये काढून दोन्ही टोकं तपासा, कंटाळवाणं आहे पण दुसरा उपाय नाही.

पायरी ७: जुन्या-नव्याचा जुळवणी तक्ता

खरं तर हा तक्ता प्रस्तावाच्या दिवसापासून भरत यायला हवा, शेवटी करायला घेतला की मेलात. एकास एक असेल तर सोपं, एकाचे अनेक झाले तर फोड, अनेकांचा एक झाला तर विलीन, आणि अनेकांचे अनेक म्हणजे डोकेदुखी. संयुक्त राष्ट्रांच्या तक्त्यांत जुन्या आणि नव्या दोन्ही कोडांपुढे एक खूण असते, हा कोड पूर्ण जातोय की अर्धवट, ती खूण न वाचता नुसते दोन कोड जोडून डेटा फिरवणारे लोक असतात आणि मग तोच आकडा दोनदा मोजला जातो. प्रत्येक अर्धवट ओळीपुढे नेमकं काय जातंय ते शब्दांत लिहा.

इथेच आवृत्तीचं नाव लिहायची सवय लावून घ्या. रेव्ह ५ ने जुन्या सेक्शन जे चे दोन तुकडे केले, प्रकाशन-प्रसारण-कंटेंट हे जे मध्ये राहिलं आणि दूरसंचार-कॉम्प्युटरवालं नवीन के झालं, त्यामुळे पुढची सगळी अक्षरं एकेक घर सरकली. जुनं के म्हणजे वित्त, ते आता एल. शिक्षण पी चं क्यू झालं. "सेक्शन के वाढलं" असं नुसतं लिहिलेला रिपोर्ट आता निरुपयोगी आहे. डिव्हिजन ४५, म्हणजे मोटारींचा व्यापार आणि दुरुस्ती, ते तर पूर्ण गेलंच, व्यापार ४६-४७ मध्ये आणि दुरुस्ती ९५ मध्ये, आणि ४५ हा आकडा रिकामा सोडला. रिकामा सोडला हे चांगलंच केलं.

पायरी ८: सल्लामसलत आणि मंजुरी

यावर फार लिहायला नाही. तज्ज्ञ समिती आणि तिची टास्क टीम मसुदा करतात, जगभरच्या सांख्यिकी कार्यालयांना पाठवतात, उत्तरं येतात, परत मसुदा, आणि शेवटी न्यूयॉर्कला आयोगाच्या वार्षिक बैठकीत मान्यता. तुमची टिप्पणी गेली तर ती कोड लिहून, वाक्य बदलून पाठवा, "अधिक स्पष्टता हवी" याचं कुणी काही करू शकत नाही.

पायरी ९: अंमलबजावणी, जिथे खरा घाम निघतो

रजिस्टर आधी, सर्व्हे नंतर, राष्ट्रीय लेखे (जीडीपीचा हिशेब) सगळ्यात शेवटी, या क्रमाने जा. एकास एक वाली युनिट्स मशीनने फिरवा, फोडीची मोठी युनिट्स फोन करून विचारा, छोट्यांसाठी नमुना घ्या. निदान एक वर्ष प्रत्येक युनिटला दोन्ही कोड ठेवा.

मग जुन्या मालिका, म्हणजे वर्षानुवर्षांच्या आकड्यांच्या ओळी. रेव्ह ४ आलं तेव्हा प्रकाशन उत्पादनातून उठून माहिती-संवादात गेलं आणि पुनर्वापर, ज्याला रेव्ह ३ मध्ये उत्पादनात डिव्हिजन ३७ होतं, ते पाणी-कचरा व्यवस्थापनाच्या नव्या सेक्शनमध्ये गेलं. एकही कारखाना बंद न पडता उत्पादनाचा आकडा खाली आला. वाचणाऱ्याला हे सांगितलं नाही तर तो मंदीच समजणार.

नव्या कोडांची मालिका मागच्या वर्षांपर्यंत न्यायला लोक दोन्ही कोड ठेवलेल्या वर्षातून गुणोत्तर काढतात. समजा एका जुन्या क्लासमध्ये १००० युनिट्स होती, ७०० नव्या पहिल्यात गेली, ३०० दुसऱ्यात. पण उलाढाल बघितली तर ४०-६०. म्हणजे युनिट्सच्या संख्येसाठी एक गुणोत्तर, उलाढालीसाठी दुसरं, नोकऱ्यांसाठी तिसरं, एकच सगळीकडे लावू नका. आणि तो दुसरा क्लास पंधरा वर्षांपूर्वी जवळपास अस्तित्वातच नसेल तर ६० टक्के मागे ढकलणं म्हणजे भूतकाळात शून्यातून उद्योग उभा करणं झालं, तिथे जुन्या युनिट्सच्या नोंदी काढून एकेकाला नवा कोड द्यावा लागतो, किंवा मालिका तिथे तोडून तसं स्पष्ट लिहावं लागतं.

एक फाइल मात्र डिलीट करू नका, फेटाळलेल्या प्रस्तावांची, कारणासकट. माझ्या एकतीसपैकी दोनच टिकले, बाकीचे एकोणतीस त्या फाइलमध्ये आहेत, आणि त्यातले चार दुसऱ्याच कुणीतरी नव्या उत्साहाने परत पाठवलेत. त्यांना मी आता तोच प्रश्न विचारतो, हे उठले की मागे काय उरतं?